आधी कोण आले, मागून काय जोडले?

यवतमाळहून वर्ध्याकडे निघाले की कळंब लागते. तिथल्या चिंतामणीचे स्थान जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून कुंडापाशी जावे लागते. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. गावात कुणालाही विचारले तरी कथा ठरलेली: अहल्येच्या प्रकरणात गौतम ऋषींनी इंद्राला शाप दिला आणि त्यातून सुटण्यासाठी इंद्राने इथे, कदंबनगरीत, गणेशाची आराधना केली. आता पुणे जिल्ह्यातल्या थेऊरला जा. तिथेही चिंतामणी, तिथेही कदंब, तिथेही शापित इंद्र. शिवाय कपिल मुनींचे हिरावलेले चिंतामणी रत्न गणेशाने परत मिळवून दिले, ही आणखी एक कथा तिथे ऐकायला मिळते.

दोहोंपैकी खरे स्थान कोणते, हा श्रद्धेचा प्रांत आहे आणि त्यात मला शिरायचे नाही. पण ज्याने लहानपणी या दोन्ही कथा ऐकल्या, त्याच्या मनात एक प्रश्न आपोआप येतो: ही कथा आधी कुठे आली, आणि कोणता भाग मागून जोडला गेला? कॉमिक्सच्या महानायकांबद्दल मुले सतत वाद घालतात तो याच प्रश्नावर. अमुक नायक पहिल्यांदा कोणत्या अंकात आला? त्याचे आईवडील आधी वेगळे होते, ते बदलले कधी? मेलेला मित्र जिवंत कसा? चाहते मागाहून जोडलेल्या पूर्वकथेला ‘रेटकॉन’ म्हणतात. हा शोध शिस्तीने घ्यायचा असेल तर काय करावे, ते इथे सांगतो. मुलांना, त्यांच्या पालकांना आणि घरात जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा असलेल्या प्रत्येकाला ते उपयोगी पडावे.

पहिले काम म्हणजे एक वही घ्या आणि प्रत्येक पात्रासाठी दोन वेगळे रकाने पाडा. एकात छापले गेल्याचे वर्ष, दुसऱ्यात कथेतले वर्ष. बहुतेक भांडणे या दोन वर्षांची गल्लत झाल्याने होतात. वेताळाचेच, म्हणजे कॉमिक्समधल्या ‘फँटम’चेच पाहा. ली फॉक यांची ‘फँटम’ ही चित्रमालिका वर्तमानपत्रात १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. कथेत मात्र पहिला वेताळ चाचेगिरीविरुद्ध शपथ घेतो ते १५३६ साली, आणि आपण ज्याच्या कथा वाचतो तो एकविसावा. पहिला वेताळ कोण, याचे कथेतले उत्तर १५३६ चा तो माणूस. छापील उत्तर १९३६ चा एकविसावा. दोन्ही बरोबर आहेत, फक्त ती एकाच रकान्यात लिहिता येत नाहीत.

वेताळाच्या पहिल्या गोष्टीत आणखी एक गंमत दडलेली आहे. जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, ऐषारामी तरुण हाच रात्री फँटम होतो, असे दाखवायचे फॉक यांच्या मनात होते. पहिली गोष्ट अर्ध्यावर असतानाच त्यांनी विचार बदलला, नायकाला जंगलात नेले आणि बापाकडून मुलाकडे चालत आलेला वारसा त्याला दिला. म्हणजे चारशे वर्षांची ती सगळी परंपरा पहिल्या दिवशी लेखकाच्या डोक्यातसुद्धा नव्हती. म्हणून पहिला अंक वाचताना नंतर कळलेले विसरून वाचायची सवय लावून घ्या. ही सवय अवघड आहे, पण तिच्यावाचून कोणता थर कधीचा हे दिसत नाही.

छापल्याच्या वर्षातही एक खाचखळगा आहे. मुखपृष्ठावरचा महिना आणि अंक बाजारात आल्याचा दिवस वेगळे असतात. सुपरमॅनचा पहिला अंक, ‘अॅक्शन कॉमिक्स’ क्रमांक १, मुखपृष्ठावर जून १९३८ सांगतो. दुकानात तो एप्रिलमध्येच आला होता. बॅटमॅनच्या पहिल्या अंकावर मे १९३९ आहे, विक्री मार्चअखेरीस सुरू झाली. दोन पात्रांत आधीचे कोणते हे ठरवताना एकाचा मुखपृष्ठावरचा महिना आणि दुसऱ्याची विक्रीची तारीख घेतली तर हिशेब चुकणारच. वहीत कोणती तारीख लिहिली आहे ते तिच्या शेजारीच नोंदवा.

मराठी वाचकाला यापेक्षा मोठी अडचण भाषांतराची. आपल्याकडे वेताळ आला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स ऑफ इंडियाच्या या प्रकाशनाचा पहिला इंग्रजी अंक, ‘द फँटम्स बेल्ट’, मार्च १९६४ चा. इंद्रजालचा तो पहिला अंक असला, तरी वेताळाची ती पहिली कथा मुळीच नव्हे. तोवर वेताळ अठ्ठावीस वर्षे छापला जात होता. घरातल्या मराठी अंकावरचे साल म्हणजे त्या भाषांतराचे साल. त्यावरून पात्राचे वय ठरवू नका. मूळ कथा कधीची, इंद्रजालमध्ये कधी, मराठीत कधी, अशा तीन नोंदी करा.

आणि भाषांतरात केवळ भाषा बदलत नाही. मूळ मालिकेत वेताळाच्या प्रदेशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते. इंद्रजालमध्ये त्याचे ‘डेंकाली’ झाले. चाच्यांच्या टोळीचे मूळ नाव सिंग. इथे ते ‘सिंगा’ केले, कारण भारतात सिंग आडनावाची माणसे घरोघर आहेत. वेताळाच्या वडिलांच्या मारेकऱ्याचे नाव मुळात रामा. ते आपल्या वाचकांपुढे जसेच्या तसे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून तो ‘रामालू’ झाला. पुस्तकाच्या आकारात बसवण्यासाठी मूळ चौकटींना कात्रीही लागली. हे बदल मूळ लेखकाने केलेले नाहीत, म्हणून त्यांना रेटकॉन म्हणणे बरोबर नाही. संपादकाचा हात आणि लेखकाचा हात वेगळा ओळखा, आणि मराठी अंकात एखादी गोष्ट मूळ कथेशी जुळत नसेल तर आधी संपादकावर संशय घ्या.

अंकाच्या क्रमांकावरही आंधळा विश्वास नको. अमर चित्र कथेचा ‘कृष्ण’ हा अनंत पै यांनी लिहिलेला आणि राम वाईरकरांनी चितारलेला अंक क्रमांकाने अकरावा आहे. आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. ‘क्रमांक १ म्हणजे सुरुवात’ असे धरून जो शोधायला निघेल, त्याच्या हाती कृष्णाऐवजी परदेशची एखादी परीकथा लागेल.

पहिले दर्शन म्हणजे नेमके काय, यावर जगभर वाद आहेत. वुल्व्हरीनचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असते. ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८० व्या अंकात, ऑक्टोबर १९७४, तो शेवटच्या चौकटीत दिसतो आणि अंक संपतो. १८१ व्या अंकात, नोव्हेंबर १९७४, तो पूर्ण कथेत लढतो. बाजारात जास्त भाव १८१ ला मिळतो, म्हणून बहुतेक लोक त्यालाच पहिला म्हणतात. बाजारभावावरून इतिहास ठरवणे मला पटत नाही. चौकटीत चेहरा आणि नाव आले म्हणजे पात्र आले. तरीही वहीत दोन्ही लिहा: ‘झलक १८०, पूर्ण कथा १८१’. मुंबईच्या स्पायडरमॅनचेही तसेच करावे लागते. पवित्र प्रभाकर हा आपला स्पायडरमॅन शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी उभा केला. भारतात त्याचे अंक २००४ मध्ये आले आणि अमेरिकेत त्यानंतर. तिथल्या यादीत २००५ दिसले तर ते चूक समजू नका, पण पहिला मान आपल्या २००४ ला द्या.

आता मुख्य गोष्ट: मागून जोडलेला भाग ओळखायचा कसा? माझ्या मते याची सगळ्यात भरवशाची खूण एकच आहे. जुन्या कथेत एखादी गोष्ट कारण न देता नुसती असते. नवी कथा येते ती नेमके त्याच गोष्टीचे कारण घेऊन. कारण जितके चपखल बसते, तितकी ते मागाहून घडवल्याची शक्यता जास्त.

यासाठी कळंबच्या इंद्राइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही. इंद्र ‘सहस्राक्ष’ आहे, हजार डोळ्यांचा. हे विशेषण फार जुने. ऋग्वेदात इंद्र आणि वायू या जोडीला ते लावलेले आहे, आणि का ते तिथे सांगितलेले नाही. पुढे महाभारताच्या आदिपर्वात सुंद-उपसुंदांच्या कथेत कारण येते: तिलोत्तमा देवांना प्रदक्षिणा घालू लागली, तेव्हा तिला पाहण्यासाठी इंद्राच्या अंगावर डोळे फुटले. आपल्याकडे जास्त परिचयाचे आहे ते दुसरेच कारण: गौतमांच्या शापाने अंगावर उमटलेल्या हजार खुणांचे पुढे डोळे झाले. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात गौतमांचा शाप आहे, पण त्यात हजार डोळे नाहीत. तिथे इंद्राला मिळालेली शिक्षा निराळीच आहे. एकाच विशेषणाला दोन वेगवेगळी कारणे मिळाली, याचा अर्थ विशेषण आधीचे आणि कारणे नंतरची. त्याच शापाच्या कथेतली अहल्याही पाहा. वाल्मीकींची अहल्या शिळा होत नाही. ती कुणाला न दिसता, वारा खाऊन, भस्मात पडून तप करते. शिळा कालिदासाच्या रघुवंशात भेटते, आणि आज आपण सगळे शिळाच सांगतो.

इंद्राच्या कथेला वापरलेली ही पद्धत कॅप्टन अमेरिकेला लावून पाहा. हा नायक १९४१ चा. १९६४ च्या मार्चमध्ये ‘अॅव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात तो परत आला, तेव्हा सांगितले गेले की दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून तो बर्फात गोठून पडला होता. वाचकांपैकी जुन्यांना लगेच खटकले: १९५३-५४ मध्ये तर कॅप्टन अमेरिकेच्या नव्या कथा छापल्या गेल्या होत्या आणि त्यांत तो साम्यवाद्यांशी लढत होता! गोठलेला माणूस लढला कसा? १९७२ मध्ये लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी उत्तर दिले: पन्नाशीच्या दशकातला तो दुसराच माणूस होता, कॅप्टनचा पोशाख चढवलेला. जुनी एकही चौकट खोटी ठरली नाही आणि विसंगतीही मिटली. मला हे काम अतिशय देखणे वाटते. लेखकाने वाचकाच्या आठवणीचा मान राखला, तिला चूक ठरवले नाही. या प्रकाराला ‘रेट्रोअॅक्टिव्ह कंटिन्युइटी’ हे नाव कॉमिक्सच्या पानांवर रूढ झाले ते पुढे, १९८३ मध्ये, लेखक रॉय थॉमस यांच्या ‘ऑल-स्टार स्क्वाड्रन’च्या वाचकपत्रांच्या सदरातून.

सगळेच रेटकॉन असे सोज्वळ नसतात. काही जुने उलटवून टाकतात. कॅप्टनचा साथीदार बकी युद्धात मेला, हे अनेक दशके पक्के मानले जात होते. २००५ मध्ये एड ब्रुबेकर यांनी तो ‘विंटर सोल्जर’ म्हणून जिवंत आणला. आपल्याकडचे ठळक उदाहरण नागराजचे. विदर्भात हिंदी कॉमिक्स आपलीच म्हणून वाचली गेली, त्यामुळे त्याची ओळख करून द्यायला नको. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ चा. लेखन परशुराम शर्मा यांचे आणि चित्रे आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. पहिल्या अंकात तो प्रोफेसर नागमणीने तयार केलेले, दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठीचे शस्त्र आहे, आणि बाबा गोरखनाथ त्याला त्या गुलामीतून सोडवतात. पुढे अनुपम सिन्हांच्या काळात ‘खजाना’ मालिकेत कळते की तो राजा तक्षकराज आणि राणी ललिता यांचा मुलगा. नागमणीचे शब्द अपुरे ठरले, प्रयोगशाळेतल्या शस्त्राचा राजपुत्र झाला. मला स्वतःला पहिला नागराज जास्त भिडतो. कुळ नसलेला, दुसऱ्याने घडवलेला आणि तरी सज्जन होण्याचा निर्णय घेणारा नायक राजपुत्रापेक्षा दुर्मीळ असतो. तुमचे मत वेगळे असू शकेल, पण मत बनवण्याआधी १९८६ चा अंक आधी आणि ‘खजाना’ नंतर, याच क्रमाने वाचा.

दोन गोष्टी रेटकॉनमध्ये घालू नका. एक म्हणजे नव्याने सांगितलेली कथा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बन्या, पुस्तकांत शाळकरी मुलगा आहे. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो. चित्रपटाने पुस्तकातल्या बन्याचा भूतकाळ बदललेला नाही, आजच्या काळात एक वेगळा बन्या उभा केला. दुसरी म्हणजे हळूहळू झालेली वाढ. १९३८ चा सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारत होता; उडणे पुढे आले. त्याला दुबळा करणारा क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओच्या मालिकेत आला आणि कॉमिक्समध्ये १९४९ साली. म्हणूनच पहिले दर्शन शोधताना एकाच माध्यमात अडकून राहू नका. रेडिओ, वर्तमानपत्र, चित्रपट, दूरदर्शन, सगळीकडे पाहा.

एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला मी पुण्याकडे बोट दाखवीन. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी देशभरातल्या बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहून घ्यावे, ही घराघरांतली कथा त्यांना मूळ संहितेत ठेवता आली नाही. ती परिशिष्टात गेली. तिला फेकून दिले नाही, हे लक्षात घ्या. वेगळी ठेवली, कुठल्या पोथ्यांत आहे ते लिहिले. जोडलेल्या भागाशी वागायची हीच रीत. घरच्या वहीतही मूळ वेगळे, भर वेगळी, आणि भर कुठून आली त्याची नोंद.

या नोंदीत चित्रकाराचे आणि लेखकाचे नाव कधीही गाळू नका. पात्र कितव्या अंकात आले हे चाहते पाठ करतात आणि ते कुणाच्या हातून आले हे विसरतात. बॅटमॅन घडवण्यात बिल फिंगर यांचा मोठा वाटा होता. प्रकाशकांनी श्रेयनामावलीत त्यांचे नाव बॉब केन यांच्याबरोबर अधिकृतपणे घातले ते २०१५ मध्ये, फिंगर यांच्या मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. वाईरकर, मुळीक यांच्यासारख्या आपल्या चित्रकारांची रेषा दोन पिढ्यांना पाठ आहे. नावही पाठ असायला हवे.

कुणी ‘पहिला अंक’ म्हणून विकायला आणला तर जरा थांबा. सुपरमॅनच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली, त्यामुळे नकलांचा मोह मोठा आहे. याच अंकाची थोराड आकाराची प्रतिकृती प्रकाशकांनीच १९७४ मध्ये काढली होती. तिचे बाहेरचे वेष्टन काढले की आतले मुखपृष्ठ हुबेहूब १९३८ चे दिसते. मूळ अंक आकाराने बराच लहान होता, म्हणून आधी पट्टी लावून मोजा. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंद्रजाल चाळताना एवढी भीती नाही, पण आतल्या पानावरची बारीक छपाई, किंमत आणि अंकाचा क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

कळंबच्या शिक्षकांना एक सुचवतो. सहावी-सातवीच्या मुलांना चिंतामणीची कथा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून ऐकून लिहून आणायला सांगा: कोणी सांगितली, त्यांनी कोणाकडून ऐकली, इंद्राने काय केले, कुंड कसे झाले. सगळ्या वह्या शेजारी ठेवल्या की कोणता भाग सगळ्यांत आहे आणि कोणता एखाद्याच घरात, हे मुलांना आपले आपण दिसेल. मग त्याच मुलांना स्पायडरमॅनचा १९६२ चा ऑगस्टचा अंक आणि पवित्र प्रभाकर शेजारी ठेवून वाचायला द्या. आणि तुमच्या माळ्यावर, पेटीत, मामाच्या घरी वेताळाचे मराठी अंक पडून असतील तर ते रद्दीत देऊ नका. क्रमांक, महिना, वर्ष आणि किंमत लिहून ठेवा, मुखपृष्ठ फाटले असेल तरी लिहा, आणि ती वही गावच्या वाचनालयात द्या.